शिरूर अनंतपाळची रयत नागरिक कधी झाली?

शिरूर अनंतपाळमध्ये १९२५च्या आसपास जन्मलेल्या आणि आयुष्यभर गाव न सोडलेल्या माणसाचा विचार करा. तो जन्मला तेव्हा हा सगळा निलंगा-उदगीरचा पट्टा बीदर जिल्ह्यात होता आणि बीदर जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात. १ नोव्हेंबर १९५६ला राज्यांची पुनर्रचना झाली. तेव्हा अहमदपूर, निलंगा आणि उदगीर हे तीन तालुके बीदरपासून काढून द्वैभाषिक मुंबई राज्याला जोडले गेले आणि उस्मानाबाद जिल्ह्यात आले. १ मे १९६०ला महाराष्ट्र झाला, १६ ऑगस्ट १९८२ला लातूर जिल्हा झाला आणि १९९९मध्ये शिरूर अनंतपाळ हाच तालुका झाला. माणूस त्याच घरात, त्याच शेतावर राहिला.

जिल्हा बदलला की कचेरी बदलते, हेलपाटे बदलतात. पण याच माणसाच्या आयुष्यात आणखी एक बदल झाला आणि तो या सगळ्यांहून मोठा होता. राजाची रयत म्हणून जन्मलेला हा माणूस एका प्रजासत्ताकाचा नागरिक झाला. हे एका दिवसात घडलं नाही. जून १९४७ ते जानेवारी १९५० ही जवळजवळ अडीच वर्षं अशी गेली की आपण नेमके कोणत्या देशाचे, याचं खात्रीचं उत्तर इथल्या कुणालाही देता आलं नसतं. मराठवाडा दरवर्षी १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिन साजरा करतो, तो योग्यच आहे. पण त्या एका तारखेच्या अलीकडे आणि पलीकडे जे घडलं ते सांगितल्याशिवाय इथल्या नागरिकत्वाची गोष्ट पुरी होत नाही. त्यातला काही भाग आपण अभिमानाने सांगतो आणि काही भाग सत्तर वर्षं सांगायचं टाळलं आहे.

आधी रयत असणं म्हणजे काय होतं ते पाहू. सोलापूरचा किंवा बार्शीचा माणूस कायद्याने ब्रिटिश प्रजाजन होता. तिथून काही कोसांवरचा उस्मानाबादचा किंवा निलंग्याचा माणूस ब्रिटिश प्रजाजन नव्हता. तो निजामाचा प्रजाजन होता आणि संस्थानाबाहेरच्या जगासाठी ब्रिटिशांच्या संरक्षणाखालची व्यक्ती होता. म्हणजे त्याच्यावर इंग्रजांची सत्ता होती, पण इंग्रजी मुलखातल्या प्रजेला जे थोडेबहुत हक्क हळूहळू मिळत गेले त्यांत त्याचा वाटा नव्हता. १९३७मध्ये मुंबई प्रांतात लोकांनी निवडलेलं मंत्रिमंडळ आलं. त्याच वर्षी संस्थानातल्या परतूरला गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली तिथल्या मराठी लोकांच्या महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं, आणि तिथे जमलेल्यांना सभा घेण्याच्या हक्कापासूनच सुरुवात करायची होती. कारण १९२९च्या गश्ती निशान ५३ या फर्मानाने जाहीर सभेला सरकारची आधी परवानगी लागत असे. खासगी शाळा काढायलाही परवानगी लागे. दुसऱ्या वर्षी, १९३८मध्ये, परिषद लातूरला श्रीनिवासराव शर्मा यांच्या अध्यक्षतेखाली भरली. त्याच साली हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन करायचं ठरलं, तर स्थापना होण्याआधीच सप्टेंबरमध्ये तिच्यावर बंदी आली. जी संस्था अजून जन्मली नव्हती तिच्यावर बंदी घालणारं सरकार आपल्या रयतेकडे कसं पाहत होतं, हे त्यातून दिसतं. त्याच हिवाळ्यात वंदे मातरम् म्हणण्यावरून औरंगाबादच्या आणि हैदराबादच्या विद्यार्थ्यांना काढून टाकलं गेलं. त्यांतल्या अनेकांना आपल्या संस्थानात शिकता येईना म्हणून नागपूर विद्यापीठ गाठावं लागलं. उदगीरचे आर्य समाजी पुढारी भाई श्यामलाल डिसेंबर १९३८मध्ये बीदरच्या तुरुंगात मरण पावले.

तरीही हैदराबादच्या रयतेला एक हक्क होता आणि तो ती घट्ट धरून होती. तो म्हणजे मुल्की असण्याचा. संस्थानातल्या नोकऱ्यांवर बाहेरून, विशेषतः उत्तर हिंदुस्थानातून, आलेल्यांचा मोठा भरणा होता. स्थानिक लोकांची, हिंदूंची तशीच मुसलमानांचीही, त्यावर जुनी नाराजी होती. त्यातून मुल्की नियम आले. १९१९च्या फर्मानानुसार ते सरकारी नोकरीच्या नियमांत नीट बसवले गेले. जो जन्माने हैदराबादचा प्रजाजन तो मुल्की. बाहेरून आलेला माणूस सलग पंधरा वर्षं संस्थानात राहिला, मूळ गावी परत जायचा विचार त्याने सोडला आणि तसं मॅजिस्ट्रेटसमोर शपथेवर लिहून दिलं, तर तोही मुल्की होऊ शके. मुल्की माणसाची बायको मुल्की धरली जाई. पंधरा वर्षं सरकारी नोकरी झालेल्या बापाला नोकरीत असताना मूल झालं तर ते मूलही मुल्की. मुल्की नसलेल्याला नोकरी द्यायची तर खास मंजुरी लागे.

या नियमांकडे मी बराच वेळ पाहत राहिलो. आज आपण ज्याला रहिवासी दाखला म्हणतो त्याचा हा पूर्वज आहे, आणि त्यात एक शहाणपण आहे. माणूस इथला आहे की नाही हे त्यात धर्मावरून, जातीवरून किंवा भाषेवरून ठरत नव्हतं. जन्म आणि वास्तव्य एवढंच पाहिलं जाई. पण त्याच्या उणिवेकडेही डोळेझाक करता येत नाही. मुल्की असणाऱ्याला नोकरी मागता येत होती, राज्य कसं चालावं हे सांगता येत नव्हतं. १९३९मध्ये सुधारणांची घोषणा झाली तेव्हा कायदेमंडळाचे मतदारसंघ जमीनदार, व्यापारी, वकील अशा हितसंबंधांवर बांधले गेले आणि निवडून येणाऱ्यांत हिंदू-मुसलमानांची संख्या समान ठेवली गेली. लोकसंख्येत मुसलमान आठातले एक होते. त्या सुधारणांत शिरूरच्या सालगड्याला, हरिजनवाड्यातल्या माणसाला किंवा मोमीन विणकराला फारशी जागा नव्हती.

३ जून १९४७ला फाळणीची योजना जाहीर झाली. इंग्रज जाणार आणि त्यांच्याबरोबर संस्थानांवरचं सार्वभौमत्वही संपणार, असं इंग्रज सरकारने सांगितलं. आठवड्याभरात निजाम मीर उस्मान अली खान यांनी फर्मान काढलं की इंग्रज गेल्यावर हैदराबाद स्वतंत्र राहील, हिंदुस्थानात जाणार नाही आणि पाकिस्तानातही जाणार नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याच महिन्यात निवेदन काढून संस्थानांच्या स्वातंत्र्याचा हा दावा कायद्याच्या कसोटीवर खोडून काढला. त्या काळात इतक्या स्पष्टपणे हे मांडणारे फार थोडे होते. स्टेट काँग्रेसने ७ ऑगस्टला हिंदी संघराज्यात सामील व्हा असा दिन पाळला. १५ ऑगस्टला हैदराबादमध्ये तिरंगा फडकवल्याबद्दल स्टेट काँग्रेसचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांना अटक झाली. लाल किल्ल्यावर झेंडा चढला तेव्हा निलंग्याच्या तहसिलीवर आसफजाही झेंडाच होता.

मग २९ नोव्हेंबर १९४७ला जैसे थे करार झाला, मुदत एक वर्षाची. संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण इंग्रजांच्या काळात जसं चालत होतं तसंच भारत सरकारकडे चालू राहणार होतं. कायद्याच्या भाषेत याचा अर्थ असा की दीड कोटीहून जास्त माणसं एका वर्षासाठी ताटकळत ठेवली गेली. त्यांचा राजा स्वतःला स्वतंत्र म्हणवत होता आणि जगातल्या कुठल्याच मोठ्या देशाने त्याला तसं मानलं नव्हतं. जो देश त्यांच्या भोवती चारही बाजूंनी होता त्याने त्यांना अजून आपलं म्हटलेलं नव्हतं. संस्थानाने भारतीय चलन बंद करणारा आणि सोन्याचांदीची निर्यात रोखणारा वटहुकूम काढला. संस्थानाच्या हाली सिक्क्यात व्यवहार करणाऱ्या आणि सोलापूर-बार्शीच्या बाजाराशी पिढ्यान्पिढ्या बांधलेल्या लातूरच्या आडत्याला आपल्याच गिऱ्हाइकाशी परदेशी व्यापाऱ्यासारखं वागावं लागलं. पुढे भारताकडून मालाची नाकेबंदी झाली. पेट्रोल आणि औषधं मिळेनाशी झाली. ती झळ निजामाच्या किंग कोठी या वाड्याला कितपत लागली हे सांगणं अवघड आहे, पण भारतात जायची आस लावून बसलेल्या खेड्यापाड्यांतल्या लोकांना ती नक्की लागली.

या अनिश्चित काळाचा ताबा कासिम रझवीने घेतला. हा लातूरचा वकील होता. बहादूर यार जंग १९४४मध्ये वारल्यावर दोनेक वर्षांत इत्तेहादुल मुसलमीन ही संघटना त्याच्या हाती आली आणि रझाकार नावाचं सशस्त्र दल तिने उभं केलं. डिसेंबर १९४७पासून पंतप्रधान असलेल्या मीर लायक अलींच्या सरकारवर त्याचाच दाब होता. खेड्यांत रझाकार येत तेव्हा सोबत अनेकदा पोलीसही असत. त्यामुळे तक्रार करायची कुणाकडे, हा प्रश्नच उरत नसे. मे १९४८मध्ये बीदर जिल्ह्यातल्या गोरट्यात झालेल्या हत्याकांडाची आठवण त्या भागात आजही जिवंत आहे. हजारो कुटुंबं सरहद्द ओलांडून बार्शीला, सोलापूरला, उमरखेडला गेली. त्या सरहद्दीवरच स्टेट काँग्रेसचे कॅम्प उभे राहिले. ३० जानेवारी १९४८ला, तिकडे दिल्लीत गांधीजींवर गोळ्या झाडल्या गेल्या त्या दिवशी, इकडे नांदेड जिल्ह्यात उमरीची बँक कार्यकर्त्यांनी लुटून लढ्यासाठी पैसा उभा केला. उदगीरजवळ हत्तीबेटावर तरुणांनी मोर्चा धरला. बार्शीच्या बाजूला काही खेड्यांनी तर निजामाचा अंमल झुगारून मुक्तापूर स्वराज्य स्थापलं आणि आपला कारभार आपण चालवायला घेतला. नागरिक व्हायची परवानगी कुणी देईपर्यंत ते थांबले नाहीत. मला या सगळ्या लढ्यात ती खेडी सर्वांत जवळची वाटतात.

अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाची कोंडी वेगळीच होती आणि ती सोपी करून सांगू नये. औरंगाबादचे बी. श्यामसुंदर निजामाच्या बाजूने उभे राहिले आणि पुढे संयुक्त राष्ट्रांकडे गेलेल्या हैदराबादच्या शिष्टमंडळातही होते. बी. एस. व्यंकटराव लायक अलींच्या मंत्रिमंडळात गेले. गावच्या पाटील-देशमुखांच्या राज्यापेक्षा निजाम परवडला, असा त्यांचा हिशेब असणार, आणि ज्याने गावकुसाबाहेरचं जिणं पाहिलं आहे त्याला तो वेडा हिशेब वाटणार नाही. बाबासाहेबांनी मात्र नोव्हेंबर १९४७मध्ये जाहीर निवेदन काढून हैदराबादमधल्या आपल्या लोकांना बजावलं की निजामाची आणि इत्तेहादची बाजू घेऊ नका. राज्य कुणाचंही येवो, आपला हक्क राज्यघटनेतून येईल ही त्यांची खात्री होती, आणि त्या वेळी ती घटना त्यांच्याच हातून लिहिली जात होती.

रयतेला विचारायची एक संधी आली होती. जुनागढला फेब्रुवारी १९४८मध्ये सार्वमत घेतलं गेलं. जून १९४८मध्ये, माउंटबॅटन परत जायच्या आधी, हैदराबादसाठी जो मसुदा पुढे आला त्यात प्रौढ मताधिकाराने सार्वमत घ्यायची तरतूद होती. निजामाने तो मसुदा नाकारला. शिरूरच्या माणसाला आपण कुणाचे हे मतपेटीत सांगायची वेळ आली असती, ती हुकली.

१३ सप्टेंबर १९४८ला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या. १६ तारखेला पॅरिसमध्ये सुरक्षा समितीने हैदराबादची तक्रार ऐकायला घेतली आणि दुसऱ्याच दिवशी निजामाने शरणागती जाहीर केली. सोलापूरकडून आलेल्या फौजा नळदुर्ग, उमरगा अशा ओळीने पुढे गेल्या होत्या. रझवी पकडला गेला. गावोगाव लोक रस्त्यावर आले, तिरंगे लागले. ज्यांनी तेरा महिने जीव मुठीत धरून काढले होते त्यांचा आनंद खरा होता आणि त्यांनी सोसलेलं कुणी कमी लेखू नये.

त्यानंतरच्या काही आठवड्यांबद्दल मराठवाड्यात आपण अजूनही हळू आवाजात बोलतो. रझाकारांच्या गुन्ह्यांचा सूड इथल्या मुसलमानांवर सरसकट उगवला गेला. ज्यांच्या घरात रझाकार होता त्यांच्यावर, आणि ज्यांनी कधी लाठीही उचलली नव्हती त्यांच्यावरही. पंडित नेहरूंनी पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांना पाठवलं. ते नोव्हेंबरअखेर ते डिसेंबर १९४८ या काळात संस्थानात फिरले, सोळापैकी नऊ जिल्ह्यांत गेले आणि शंभराहून जास्त खेड्यांतल्या लोकांशी बोलले. त्यांचा अंदाज असा की संस्थानभरात कमीत कमी सत्तावीस हजार ते चाळीस हजार माणसं मारली गेली. सर्वांत वाईट स्थिती चार जिल्ह्यांची: उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. आजच्या लातूर-नांदेडचा मुलूख त्यातच येतो. लातूर शहराबद्दल अहवाल सांगतो की तिथे कत्तल वीस दिवसांहून अधिक चालली. सुमारे दहा हजार मुसलमानांपैकी जेमतेम तीन हजार शहरात उरले होते. हजाराहून जास्त मारले गेले होते आणि बाकीचे सगळं टाकून पळाले होते. काही ठिकाणी गणवेशातल्या माणसांनीच चिथावणी दिल्याचं अहवालात आहे. आणि हेही आहे की काही गावांत हिंदू शेजाऱ्यांनी मुसलमान शेजाऱ्यांना जिवावर उदार होऊन वाचवलं. हिंदू विणकर मुसलमान विणकरांसाठी उभे राहिले. सरदार पटेलांना हा अहवाल मान्य नव्हता. तो पुढे कित्येक दशकं जाहीर झाला नाही.

हे मी जुनं वैर उकरायला लिहीत नाही. नागरिकत्वाच्या गोष्टीत हे प्रकरण मध्यावर येतं, कडेला नाही. सप्टेंबर १९४८पर्यंत प्रश्न असा होता की हैदराबादची हिंदू रयत भारताची होऊ शकेल का. त्यानंतर प्रश्न उलटा झाला: हैदराबादची मुसलमान रयत भारताची मानली जाईल का. तेरा महिन्यांची दहशत आणि नंतरचे हे आठवडे एकमेकांच्या तागड्यात टाकून तोलायचे नसतात. दोन्हींत माणसाला तो कोण आहे यावरून शिक्षा झाली, त्याने काय केलं यावरून नाही.

जनरल जे. एन. चौधरी यांच्या लष्करी राजवटीत हा उलटा प्रश्न रोजच्या कारभारात आला. हजारो लोक रझाकार म्हणून धरले गेले. पुष्कळ मुसलमान नोकरदारांच्या नोकऱ्या गेल्या. फाळणीच्या धामधुमीत मध्य प्रांतातून आणि इतर भागांतून आसऱ्याला आलेल्या मुसलमान निर्वासितांना आपापल्या गावी परत जायला सांगण्यात आलं. सर्वांत अवघड प्रश्न अरबांचा होता. निजामाच्या आणि जहागीरदारांच्या चाकरीत हद्रमौतहून आलेले अरब शिपाई संस्थानात दीडशे वर्षं होते. नांदेड, परभणी, लातूरच्या गल्ल्यांत चाऊस आडनावाची जी कुटुंबं आजही भेटतात ती त्यांचीच वंशज. अरबांच्या अनियमित पलटणी मोडल्या, अनेकांना छावण्यांत ठेवलं आणि बऱ्याच जणांना एडनच्या बाजूला जहाजाने पाठवलं. पण ज्याचा बाप इथेच जन्मला, आई दख्खनी, भाषा दख्खनी, त्याला परत पाठवायचं ते कुठे? मुल्की नियमांच्या जुन्या मापाने तो निखालस इथला होता. नव्या राज्याकडे माप अजून तयार नव्हतं.

ते माप घटनेत तयार होत होतं आणि तिथेही हैदराबादची खुर्ची रिकामी होती. इतर संस्थानांचे प्रतिनिधी घटना समितीत येऊन बसले, हैदराबादचा एकही सदस्य तिथे शेवटपर्यंत नव्हता. नागरिकत्वाची कलमं ऑगस्ट १९४९मध्ये तिथे तावातावाने चर्चिली गेली, धर्मावरून नागरिकत्व द्यावं अशीही मागणी झाली आणि ती नामंजूर झाली. त्या चर्चेत लातूर, नांदेड, बीदरकडचं कुणी बोललं नाही, कारण बोलायला कुणी नव्हतंच. २३ नोव्हेंबर १९४९ला निजामाने फर्मान काढून भारताची घटना हैदराबादसाठी स्वीकारली. त्यात म्हटलं होतं की राज्याची घटना समिती नेमली जाईल आणि लोकांच्या इच्छेने यावर शेवटचा निर्णय होईल. ती घटना समिती कधीच भरली नाही. म्हणजे रयत नागरिक झाली ती राजाच्या सहीने.

गोव्याशी ताडून पाहिलं की हे जास्त ठळक होतं. १९ डिसेंबर १९६१ला गोवा मुक्त झाला आणि मार्च १९६२च्या आदेशाने गोवा, दमण, दीवच्या लोकांना भारताचे नागरिक धरलं गेलं. पण ज्याला आधीचं नागरिकत्व ठेवायचं असेल त्याने एका महिन्यात तसं लिहून द्यावं, अशी मुभा त्यात होती. पॉन्डिचेरीलाही पर्याय दिला गेला. हैदराबादच्या माणसाला पर्याय म्हणून काही नव्हतं, कारण निजामाचं नागरिकत्व नावाची वस्तू जगाने कधी मानलीच नव्हती. दुसऱ्या बाजूने पाहिलं तर यातच एक संरक्षणही होतं. कुणाला अर्ज करावा लागला नाही, कुणाला निष्ठेचा दाखला आणावा लागला नाही.

२६ जानेवारी १९५०ला हैदराबाद हे घटनेतलं ‘ब’ वर्गातलं राज्य झालं आणि पाचवं कलम लागू झालं. ज्याचा अधिवास भारताच्या भूमीत आहे आणि जो इथे जन्मला, किंवा ज्याच्या आईबापांपैकी कुणी इथे जन्मलं, किंवा जो त्याआधी किमान पाच वर्षं इथे राहिला, तो भारताचा नागरिक. यात मुल्की नियमांसारखाच जन्म आहे, वास्तव्य आहे. फक्त पंधराची पाच वर्षं झाली आणि सोबत बोलण्याचा, सभा घेण्याचा, मत देण्याचा हक्क आला. गोरट्यात बाप गमावलेला मुलगा आणि लातूरच्या बाजारपेठेत दुकान जळालेला कच्छी मुसलमान व्यापारी, दोघेही एकाच कलमाने एकाच दिवशी नागरिक झाले. पाकिस्तानात निघून गेलेल्यांसाठी सातव्या कलमाची भिंत होती, आणि भीतीने गेलेल्या काही कुटुंबांना परत येताना ती आडवी आली. पण जे राहिले, त्यांच्याबद्दल घटनेने एका शब्दानेही शंका घेतली नाही. गावांनी ते लगेच मानलं असं म्हणता येणार नाही. मारलेल्यांची शेतं, घरं, लग्नाच्या पोरी हे सगळं परत आलं नाही.

तरी काही गावांनी आपापल्या परीने वाट शोधली. शिरूर अनंतपाळजवळ उजेड नावाचं गाव आहे, सरकारी दप्तरी हिसामाबाद. तिथे दरवर्षी प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास महात्मा गांधींच्या नावाने यात्रा भरते. लोक तिला गांधीबाबांची यात्रा म्हणतात आणि गांधीजींचा पुतळा मांडून ती भरवतात. हिंदू असतात, मुसलमान असतात. आपल्याकडे यात्रा भरते ती देवाची किंवा पिराची. या गावाने स्वातंत्र्यानंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत जो धरला तो दोघांचाही असेल असा माणूस. मराठवाड्याच्या मुक्तीचा इतिहास शिकवताना हत्तीबेटाची मुलं जशी सांगितली जातात तसं हे गावही सांगितलं जावं, असं मला मनापासून वाटतं.

रयतेला पहिल्यांदा विचारलं गेलं ते पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत. वय एकवीस पूर्ण आणि मतदारसंघात किमान एकशे ऐंशी दिवस वास्तव्य एवढीच अट. जमीन, कर, शिक्षण, धर्म, जात, बाई की पुरुष यांतलं काही विचारलं जात नव्हतं. ज्या मुलखात पाच वर्षांपूर्वीपर्यंत सामान्य माणसाच्या मताला सरकारदरबारी जागाच नव्हती, तिथे प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी ठेवून मतं घेतली गेली. मार्च १९५२मध्ये बुर्गुल रामकृष्णराव यांचं लोकांनी निवडलेलं पहिलं मंत्रिमंडळ हैदराबादमध्ये आलं. नांदेड जिल्ह्यातले दिगंबरराव बिंदू गृहमंत्री झाले.

आणि लगेच जुना प्रश्न नव्या रूपात समोर आला. संस्थान मोडल्यावर बाहेरच्या प्रांतांतून आलेले अधिकारी आणि शिक्षक नोकऱ्या घेऊ लागले. मुल्की दाखले खोटे काढले जातात अशी ओरड सुरू झाली. घटनेने आधीचे वास्तव्याचे नियम संसदेने बदलेपर्यंत चालू ठेवले होते, म्हणून मुल्की नियम जिवंत होते, पण पाळले जात नव्हते. वरंगळला सुरू झालेलं विद्यार्थ्यांचं आंदोलन हैदराबादला पोचलं आणि सप्टेंबर १९५२च्या पहिल्या आठवड्यात पोलिसांच्या गोळीबारात माणसं मेली. लोकांच्या पहिल्याच सरकारने लोकांवर गोळी चालवली होती, तीही इथल्या माणसाचा इथल्या नोकरीवर किती हक्क, या वादात. संयुक्त महाराष्ट्रासाठीच्या १९५३च्या नागपूर करारातही मराठवाड्याला लोकसंख्येच्या प्रमाणात नोकऱ्या आणि शिक्षणाच्या जागा द्यायचं वचन लिहून घेतलं गेलं. तेलंगणात मुल्की नियमांचा वाद पुढे वीस वर्षं सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९७३मध्ये त्यासाठी घटना दुरुस्त करावी लागली.

त्या १९५२च्या निवडणुकीत बीदर मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेले शौकतुल्ला शाह अन्सारी. काँग्रेसचे, उत्तर प्रदेशातल्या गाझीपूरकडच्या घराण्यातले, पाकिस्तानच्या मागणीला उघड विरोध केलेले राष्ट्रीय मुसलमान. जन्माने ते मुल्की नव्हते, आणि ज्या जिल्ह्यातून निवडून आले तो सुंदरलाल समितीच्या यादीतल्या चार सर्वांत वाईट जिल्ह्यांपैकी एक होता. सप्टेंबर १९४८ला तेव्हा साडेतीन वर्षंही झाली नव्हती. त्यांना मत देणाऱ्यांत बहुसंख्य हिंदू होते, कारण त्या मुलखात त्याशिवाय कुणी निवडून येणं शक्यच नव्हतं.